खर्जाची तार आणि दहा बाय बाराची खोली

उस्ताद अब्दुल करीम खाँ गायला बसायच्या आधी तंबोऱ्याला बसायचे. खुंटी पिळायची, भोपळ्यावरचा मणी केसभर सरकवायचा, घोडीवर तारेखालचा दोरा हलवून बघायचा, पुन्हा चारही तारा छेडायच्या. पुन्हा तेच. किराणा घराण्याचं नाव ज्या सुरेलपणासाठी घेतात, त्याचं निम्मं काम तोंड उघडायच्या आधीच झालेलं असायचं.

तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची, जोडाच्या बरोबर एक सप्तक खाली. खर्जाची तार जाड, पितळेची. ती जास्त झाली की सगळा तंबोरा नुसता घुमतो. कमी पडली की पोकळ वाटतो. नीट लागली की ती वेगळी ऐकूच येत नाही, गाणाऱ्याच्या आवाजाखाली जमीन आहे एवढंच कळतं.

हे वाचताना कुणाला आपल्या खोलीतला सबवूफर आठवला असेल, तर बरोबर आठवला. शिरूर असो की दौंड, कॉलेजच्या पोरांच्या भाड्याच्या खोलीत एक टू पॉइंट वनचा सेट सापडतोच. दोन छोटे स्पीकर टेबलावर, सबवूफर जागा मिळेल त्या कोपऱ्यात, आणि बेसचं बटण फुल्ल. वरातीत छातीवर आदळणारा बेस वरातीत ठीक. खोलीत तोच बेस गाणं खाऊन टाकतो आणि घरमालकाला वर बोलावतो, ते वेगळंच. सबवूफर मुख्य स्पीकरांत मिसळायचा म्हणजे नेमकं काय साधायचं, हे या माणसाकडून शिकता येतं. सबवूफर त्यांनी आयुष्यात बघितला नाही. ते १९३७ मध्येच गेले.

जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, आताच्या उत्तर प्रदेशातल्या कैराना गावातला. गाव कैराना, म्हणून घराणं किराणा. वाण्याच्या दुकानाशी याचा काही संबंध नाही, हे एकदाचं सांगून टाकलेलं बरं. घर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम झाली. गळ्याबरोबर सारंगी, बीन, सतार, तबला यांवरही हात बसला. वाद्याची नस त्यांना कळायची ती तेव्हापासून. पुढे नावाजलेले गवई झाल्यावरही बिघडलेलं वाद्य ते स्वतः उघडून दुरुस्त करायला बसत.

तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्यासोबत ते बडोद्याला आले. सयाजीराव महाराजांच्या दरबारात दोघांना जागा मिळाली. तिथेच सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई आणि अब्दुल करीम यांचं जमलं. ती मराठा सरदाराची लेक, हा उत्तरेतला मुसलमान गवई, आणि काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. बडोद्यात राहणं शक्यच नव्हतं. दोघं निघाली ती मुंबईला, आणि पुढे मिरज हे खाँसाहेबांचं गाव झालं.

मिरज निवडण्यात त्यांच्या कानाचाही वाटा असावा असं मला वाटतं. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून तिथे सतारी आणि तंबोरे घडवण्याची परंपरा सुरू झाली. मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा मात्र येतो पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूने. शिरूरची घोड नदी भीमेला मिळते, दौंडच्या काठची भीमा खाली पंढरपूरला जाते. त्या खोऱ्यात पिकणारा, न खाण्याचा मोठा भोपळा वाळतो, कापला जातो आणि तारेचा आवाज मोठा करणारी पेटी होतो. सबवूफरचं लाकडी खोकं करतं त्याच जातीचं काम.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काळी एक पट्टीत जोडाच्या तारेचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, पंचमाची तार १०४ च्या आसपास आणि खर्ज ६९. मुख्य स्पीकर आणि सबवूफर यांच्यातली हद्द, म्हणजे क्रॉसओव्हर, पुष्कळदा ८० हर्ट्झला ठेवतात. छोट्या स्पीकरांना १०० ते १२० लागतो. हद्द ८० ला असली की पंचम आणि जोड मुख्य स्पीकरातून येतात आणि खर्जाचा मूळ सूर सबवूफरकडे जातो. पण खर्जाची तार म्हणजे नुसता मूळ सूर नव्हे. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. तार त्याला चाटत थरथरते आणि वरच्या स्वरांची झळाळी उठते. यालाच जवारी म्हणतात. चांगल्या जवारीत खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो ३४६ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे टेबलावरच्या स्पीकरातून येणार. तार एक, पण तिचे पाय एका खोक्यात आणि डोकं दुसऱ्यात. दोन खोकी जुळलेली नसली तर तार मधोमध तुटल्यासारखी वाटते.

म्हणून सबवूफर लावायला तंबोऱ्यासारखी दुसरी चाचणी नाही. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप घ्या, काळी एक ठेवा आणि फोन सेटला जोडा. बेस-ट्रेबल मधोमध आणा, सबवूफरचा आवाज पूर्ण बंद करा. रोज बसता तिथे बसून हळूहळू वाढवा. चौथ्या तारेला बूड आलं की थांबा. डोळे मिटल्यावर बेस कोणत्या कोपऱ्यातून येतोय हे बोटानं दाखवता आलं, तर जास्त झालाय. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहज ओळखता येत नाही. ओळखू यायला लागला, तर एकतर सबवूफर वरच्या सुरांत लुडबुड करतोय किंवा गरजेपेक्षा मोठा वाजतोय. मागे फेजचं बटण असेल तर ० आणि १८० दोन्ही करून बघा. ज्यात चौथी तार भरीव वाटेल ते ठेवा. दुसऱ्यात दोन खोकी एकमेकांना खोडत असतात.

मग खोली. दहा बाय बाराच्या खोलीत बारा फुटांच्या लांबीला ४७ च्या आणि दहा फुटांच्या रुंदीला ५७ च्या आसपासचा सूर आपोआप फुगतो. दोन्ही मिळून आणखी काही सूर फुगवतात. सबवूफर कोपऱ्यात असला तर सगळ्यात जास्त. पट्टी बदलून बघा: पांढरी एकचा खर्ज ६५, काळी दोनचा ७८. एका पट्टीत खर्ज दणकतो आणि दुसरीत गायब होतो असं झालं, तर ते खोलीचं बोलणं आहे, सेटचं नाही. यावर एक जुनी युक्ती आहे. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, तंबोरा सुरू करा आणि भिंतीच्या कडेनं रांगत फिरा. तिन्ही पट्ट्यांत खर्ज सारखा ऐकू येईल त्या जागी सबवूफर न्या. आवाजाचा रस्ता दोन्ही दिशांनी सारखाच असतो, म्हणून हे जमतं. रांगताना रूममेट हसतील, हसू द्या.

फोनवर मोजणारी ॲप्स असताना कानावर का विसंबायचं, हा प्रश्न खाँसाहेबांच्याही समोर आला होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना हिंदुस्थानी संगीतातल्या बावीस श्रुती आकड्यांत बसवायच्या होत्या. खाँसाहेब त्यांच्यासाठी गायले, आणि देवलांनी उपकरणावर मोजमापं घेतली. त्यांचं पुस्तक १९१० मध्ये आलं. एर्नेस्ट क्लेमंट्स हे आयसीएस अधिकारीही या कामात उतरले आणि श्रुती वाजवणारी खास पेटी बनवून घेतली. १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे या पेटीवरून चांगलाच वाद झाला. गवयांच्या कानाला तिचे स्वर पटेनात. मोजमाप फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. ते जवळ नेऊन सोडतं. शेवटचा केसभर मणी कानानंच सरकवावा लागतो.

१९१३ मध्ये पुण्यात त्यांचं आर्य संगीत विद्यालय सुरू होतं. गरीब पोरं तिथेच राहायची, जेवायची, शिकायची, आणि खर्च जलशांच्या तिकिटांतून निघायचा. पैशाची ओढाताण कायमची. कुत्र्याला स्वर ओळखायला शिकवून त्याचा मुंबईत कार्यक्रम केला, असंही त्यांच्याबद्दल सांगतात. शिष्यांत सगळ्यात मोठं नाव झालं रामभाऊ कुंदगोळकरांचं, म्हणजे सवाई गंधर्वांचं. रामभाऊ नाटक कंपनीत गेले हे खाँसाहेबांना रुचलं नाही. पुण्यात १९५३ पासून होणारा महोत्सव याच रामभाऊंच्या नावाचा.

आणि घर? १९२२ च्या सुमारास ताराबाई पाच मुलांना घेऊन घराबाहेर पडल्या, त्या कायमच्या. मुलांची नावंसुद्धा बदलली. अब्दुल रेहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर, गुलाबच्या कमलाबाई, सकीनाच्या सरस्वती राणे, अब्दुल हमीदचे कृष्णराव माने. बापाचं नाव गेलं, गळे राहिले. हिराबाईंना पुढची तालीम अब्दुल वहीद खाँ यांनी दिली, बापानं नाही. तरी हिराबाई गायल्या की लोकांना कोणाची आठवण यायची हे सांगायला नको. या बाईनं पाच मुलं एकटीनं उभी केली आणि पाचही गाण्यातच राहिली. खाँसाहेबांवरच्या लेखांत मात्र ताराबाईंना दोन ओळी मिळतात. मीही फार जास्त दिलेल्या नाहीत.

या ताटातुटीनंतर त्यांच्या गाण्यात करुण रस उतरला असं जाणकार म्हणतात. मला ते जरा सोपं स्पष्टीकरण वाटतं. आवाज मुळातच बारीक, टोकदार, लांब ओढणारा होता. सुराला घाईनं सोडायचं नाही ही रीतही आधीपासूनची होती. दक्षिणेकडे त्यांचं येणं-जाणं वाढलं, म्हैसूरच्या दरबारात मान मिळाला, कर्नाटक संगीत त्यांनी मन लावून ऐकलं, आणि त्यातली सरगम आपल्या गाण्यात आणली. तबकड्याही निघाल्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांच्या. तासभर राग मांडणाऱ्या माणसाला तीन मिनिटं म्हणजे किती, याचा विचार करा. गदगकडच्या एका शाळकरी पोरानं त्यातली झिंझोटीतली ठुमरी दुकानात ऐकली. आपल्याला असंच गायचंय म्हणून तो घरातून पळाला. खूप भटकून शेवटी सवाई गंधर्वांच्या दारात पोचला. भीमसेन जोशी त्याचं नाव.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत तब्येत बिघडली, चेंगलपट्टूजवळ सिंगपेरुमाळकोईल या छोट्या स्टेशनवर त्यांना उतरवलं. फलाटावर अंथरूण घातलं. त्यांनी नमाज पढला, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारीत सूर लावला. गातागाताच ते गेले. तारीख २७ ऑक्टोबर, वय ६४. दफन मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात झालं. त्यांच्या स्मरणार्थ तिथे उरुसात दरवर्षी गायक येऊन गातात.

तुमचा सेट जुळला की त्यांच्या तबकड्या नेटवर शोधून ऐका. त्या काळच्या तबकडीत खालचे सूर फारसे उतरतच नसत, त्यामुळे सबवूफर बराच वेळ गप्प बसेल. तो बिघडलाय असं समजू नका. आणि खालून एकसारखी घरघर येत राहिली, तर ती तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची आहे. बटण थोडं आणखी खाली करा.