आंरी द्यूत्रोशे

मीठ लावलेल्या काकडीस पाणी सुटतें, भिजत घातलेल्या मनुका फुगतात, हें आपण घरोघर पाहतों. यांतील नियम शोधणारा आंरी द्यूत्रोशे इ. स. १७७६ मध्यें फ्रान्स देशांत एका सरदार घराण्यांत जन्मला. राज्यक्रांतींत घरची मालमत्ता गेली. वैद्यकी शिकून १८०६ सालीं त्यानें पदवी मिळविली. पुढें स्पेनमध्यें नोकरीस असतां तापाच्या दुखण्यानें प्रकृति खचली व परतावें लागलें. तथापि तो निराश झाला नाहीं. तूरेन प्रांतांत आईजवळ राहून त्यानें संशोधन चालविलें. नळीच्या तोंडास प्राण्याचें पातळ पटल बांधून आंत साखरेचें पाणी भरलें व तें तोंड साध्या पाण्यांत बुडविलें. तों बाहेरील पाणी पटलांतून आंत शिरून नळींत वर चढूं लागलें! १८२६ सालीं त्यानें हा शोध प्रसिद्ध केला.

पेशींतही हेंच घडतें. विरघळलेले पदार्थ जिकडे अधिक, तिकडे पाणी धांवतें. मग आपल्या पेशी फुगून फुटत कां नाहींत? त्या सोडियम सतत बाहेर लोटीत असतात म्हणून, हें विसाव्या शतकांतील संशोधकांनीं दाखविलें.

१८४७ सालीं द्यूत्रोशे वारला. विद्यार्थिमित्रहो, दुखण्यानें त्याची नोकरी हिरावली, जिज्ञासा मात्र हिरावली नाहीं.