खाटेवरून मैदानावर

शेजारीपाजारी कुणी अंथरुणाला खिळले, की आपण समाचाराला जातो. जाताना मोसंबी नेतो. खोलीत शिरताना आवाज आपोआप खाली येतो आणि निघताना विश्रांती घ्यायला बजावून आपण बाहेर पडतो. माणूस महिना-दोन महिन्यांत उठणार असेल, तर हे सारे ठीकच आहे. पण जो पुन्हा कधीच पायांवर उभा राहणार नाही, त्याने काय करायचे? कालपरवापर्यंत खांद्यावर बंदूक घेऊन फिरणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोराने जन्मभर छताकडे बघत पडून राहायचे?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या एका डॉक्टरला हा प्रश्न रोज भेटत होता. त्याचे उत्तर त्यांना औषधांच्या कपाटात पुरते सापडले नाही. उरलेले त्यांनी मैदानावर शोधले. त्या डॉक्टरचे नाव लुडविग गुटमान. आज ज्यांना आपण पॅरालिम्पिक म्हणून ओळखतो, त्या स्पर्धांचे हे जनक. पदकांच्या यादीपलीकडे त्यांचे आयुष्य बघावे असे आहे, कारण खेळ माणसाच्या मनाला नेमके काय देतो, हे त्यांनी अगदी टोकाच्या परिस्थितीत पारखून घेतले होते.

गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ चा, जर्मनीच्या ताब्यातल्या सायलेशिया प्रांतातला. आज तो भाग पोलंडमध्ये आहे. घराणे ज्यू. बालपण कोळशाच्या खाणींच्या मुलखात गेले. १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, हा मुलगा अपघातग्रस्तांच्या एका रुग्णालयात मदतनीस म्हणून राबत होता. एक दिवस तिथे एका तरण्याबांड खाणकामगाराला आणले गेले. पाठीचा कणा मोडलेला, कंबरेखाली संवेदना नाही. त्याच्या खाटेभोवती पडदे लावले गेले. हा काही आठवड्यांचाच सोबती, तेव्हा फार टिपणे काढत बसू नकोस, असे तरुण लुडविगला सांगण्यात आले. आणि झालेही तसेच. पाचेक आठवड्यांत तो धट्टाकट्टा माणूस पाठीच्या जखमा आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी गेला. त्या पडद्यांआडची खाट गुटमान जन्मभर विसरले नाहीत.

पुढे त्यांनी ब्रेस्लाऊ आणि फ्रायबुर्ग येथे वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि १९२४ मध्ये पदवी मिळवली. फ्रायबुर्गला असताना ते ज्यू विद्यार्थ्यांच्या एका मंडळात होते. ज्यूंना दुबळे म्हणून हिणवणाऱ्यांपुढे ताठ मानेने उभे राहता यावे, म्हणून त्या मंडळात व्यायामाला आणि खेळांना महत्त्व होते. अपमान गिळून बसण्यापेक्षा मैदानात उतरलेला माणूस वेगळा चालतो, हा पहिला धडा त्यांना तिथे मिळाला असावा. नंतर ब्रेस्लाऊमध्ये ऑटफ्रिड फर्स्टर या नामवंत मेंदूतज्ज्ञाच्या हाताखाली ते तयार झाले आणि त्यांची गणना जर्मनीतल्या आघाडीच्या मज्जातंतुतज्ज्ञांत होऊ लागली.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू डॉक्टरांची सरकारी रुग्णालयांतून हकालपट्टी झाली. गुटमान ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात गेले आणि पुढे तिथले प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनास्थळे फोडली-जाळली गेली. त्या रात्री दारात येईल त्याला, आजार न विचारता, भरती करून घेण्याचा हुकूम गुटमान यांनी सोडला. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी झडतीला आले, तेव्हा एकेका खाटेपाशी उभे राहून त्यांनी तोंडाला येतील ते आजार सांगितले. त्या रात्री भरती केलेल्या ६४ जणांपैकी ६० जण अटकेतून वाचले. खाटेवर पडलेला माणूस मोडीत काढायचा नसतो, ही त्यांची हट्टी वृत्ती पुढेही अनेकदा दिसणार होती.

मार्च १९३९ मध्ये पत्नी आणि दोन लहान मुलांसह ते इंग्लंडला पोहोचले. निर्वासित विद्वानांना मदत करणाऱ्या एका संस्थेने हात दिला आणि ऑक्सफर्डमध्ये संशोधनाचे काम मिळाले. पण प्रत्यक्ष रुग्ण हाताळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. ती संधी युद्धानेच दिली. युरोपच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची तयारी चालू होती आणि कण्याला गोळी लागलेले जवान मोठ्या संख्येने परतणार, हे सरकारला दिसत होते. १ फेब्रुवारी १९४४ रोजी लंडनपासून साठेक किलोमीटरवर, एल्सबरीजवळच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात कण्याच्या दुखापतींचा खास विभाग सुरू झाला आणि तो गुटमान यांच्या हाती सोपवण्यात आला.

इतर डॉक्टरांना ही नेमणूक म्हणजे शिक्षाच वाटली असती. अशा रुग्णांना तोवर प्लास्टरमध्ये जखडून ठेवत, गुंगीची औषधे देत आणि शेवटाची वाट बघत. गुटमान यांनी पहिल्याच दिवसांत प्लास्टर फोडून काढायला लावले. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रुग्णाला कुशीवर वळवायचे, म्हणजे पाठीला जखमा पडणार नाहीत, असा नियम घातला. तो पाळला जातो की नाही, हे बघायला स्वतः रात्री-अपरात्री वॉर्डात हजर होत. परिचारिका वैतागल्या, सहकारी डॉक्टर कुरकुरले. गुटमान तापट होते, हेकेखोर होते. त्यांच्या आरड्याओरड्याच्या कथा त्या रुग्णालयात पुष्कळ वर्षे सांगितल्या जात. पण जखमा भरू लागल्या, ताप उतरू लागले, पोरे जगू लागली.

आणि मग खरी अडचण पुढे आली. जगलेल्या पोरांना जगायचे नव्हते.

शरीर वाचले, पण मन कोपऱ्यात तोंड करून बसलेले. कुणाची वाग्दत्त वधू भेटायला येईनाशी झालेली, कुणाला आईच्या डोळ्यांतले पाणी सोसवत नव्हते. भेटायला येणारा प्रत्येकजण गोड बोले, आणि त्या गोडव्यातूनच रुग्णाला कळे की आपल्याकडून आता कुणाची काही अपेक्षा उरलेली नाही. गुटमान यांनी आधी हातांना काम दिले. सुतारकाम, घड्याळ दुरुस्ती, टंकलेखन. सकाळी उठून ठरल्या वेळी कामाला बसायचे, ही सक्ती. याचा उपयोग झाला, पण प्रत्येकजण आपापल्या कामावर मान खाली घालून बसलेला असे.

एक दिवस त्यांना अंगणात निराळेच दृश्य दिसले. काही रुग्ण चाकांच्या खुर्च्यांत बसून, उलट्या धरलेल्या काठ्यांनी एक चकती टोलवत होते. ओरडत होते, भांडत होते, एकमेकांवर खुर्च्या आदळत होते. गुटमान यांनी त्यांना दटावले नाही. कवायतीच्या प्रशिक्षकाला बरोबर घेऊन ते स्वतः एका खुर्चीत बसले आणि खेळू लागले. बसल्या जागेवरून खेळणे किती अवघड आहे हे त्यांच्या ध्यानात आले. आणि हेही ध्यानात आले, की त्या घटकेत कुणीच कुणाचा रुग्ण नव्हता. समोरचा होता तो प्रतिस्पर्धी. त्याला चुकवायचे होते, हरवायचे होते. प्रतिस्पर्ध्याची कुणी कीव करत नाही.

चाकांच्या खुर्चीतला हा पोलो फार धसमुसळा ठरला, तेव्हा तो बंद करून बास्केटबॉलसारखे खेळ आणले. टेबल टेनिस आले, पोहणे आले. तिरंदाजीवर गुटमान यांचा विशेष जीव. धनुष्य ओढताना खांदे आणि पाठ बळकट होते, बसल्या जागी तोल सांभाळता येतो, हा शरीराचा फायदा. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की तिरंदाजीत धडधाकट माणसाशी बरोबरीने सामना करता येतो. बाण सुटल्यावर तो उभ्याने सोडला की बसून, याची लक्ष्याला दाद नसते. पुढे १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल चाकांच्या खुर्चीतून तिरंदाजीत उतरल्या, तेव्हा ही गोष्ट सगळ्या जगाने पाहिली.

खेळाचे फायदे गुटमान यांनी पुढे १९७६ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. पहिला फायदा शरीराचा: ताकद, तोल, दम. दुसरा मनाचा: लक्ष एका जागी लागते, उमेद परत येते आणि स्वतःवरचा विश्वास जागा होतो. तिसरा समाजाचा, आणि तो त्यांना सर्वांत मोलाचा वाटे. खेळायचे म्हटले की दुसरा माणूस लागतो. त्याच्याशी वेळ ठरवावी लागते, नियम मानावे लागतात, वाद मिटवावे लागतात, हरल्यावर पुन्हा त्याच्याशीच बोलावे लागते. खोलीत एकट्याने दंड कमावता येतात. माणसांत मिसळणे तिथे शिकता येत नाही.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनला ऑलिम्पिकचे उद्‌घाटन झाले. नेमक्या त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर तिरंदाजीची एक छोटी स्पर्धा भरली. स्पर्धक अवघे सोळा: चौदा पुरुष आणि दोन स्त्रिया, सगळे चाकांच्या खुर्चीत. वेम्बलीच्या गर्दीत या सोळा जणांकडे कोण बघणार? पण एक दिवस यातूनच अपंगांचे ऑलिम्पिक उभे राहील, असे गुटमान पुढच्याच वर्षी बोलून दाखवू लागले. ऐकणाऱ्यांना तो डॉक्टरांचा भाबडेपणा वाटला.

१९५२ मध्ये हॉलंडचे माजी सैनिक खेळायला आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये ऑलिम्पिक संपल्यानंतर त्याच रोम शहरात २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. राहण्याच्या इमारतींना जिने होते. सैनिकांनी खुर्च्या उचलून वर नेल्या. मार्गारेट मॉन ही ब्रिटिश शिक्षिका आदल्याच वर्षी आफ्रिकेत मोटार अपघातात सापडली होती आणि स्टोक मँडव्हिलमध्ये उपचार घेऊन रोमला आली होती. तिरंदाजी आटोपून ती परतीच्या बसमध्ये जाऊन बसली. सुवर्णपदक आपल्याला मिळाले आहे, याचा तिला पत्ताच नव्हता. शोधाशोध करून तिला खाली उतरवावे लागले. ५२ वर्षांनी, २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये, ज्योत चेतवण्याचा मान याच बाईंना मिळाला.

या कथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातही येतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय गेले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधले भारताचे हे पहिले सुवर्ण. त्या वर्षीचे ऑलिम्पिक म्युनिकला होते, पण ते क्रीडाग्राम या खेळाडूंना मिळाले नाही, म्हणून हायडेलबर्ग. पेटकरांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. खेळाडूला उभे राहायला जितका वेळ लागत नाही, तितका पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना लागतो.

गुटमान यांना १९६६ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. रुग्ण मात्र त्यांना लाडाने ‘पॉपा’च म्हणत. १८ मार्च १९८० रोजी ते गेले. त्यांच्या कामाला मर्यादाही होत्या. बराच काळ या स्पर्धा कण्याची दुखापत असलेल्यांपुरत्याच राहिल्या. अंध आणि हात-पाय गमावलेले खेळाडू १९७६ मध्ये टोरोंटोला प्रथमच सामील झाले. ऑलिम्पिकच्याच मैदानांवर हे खेळ १९८८ च्या सोलपासून नियमाने होऊ लागले, तेव्हा ते हयात नव्हते. २०२४ मध्ये पॅरिसला चार हजारांहून अधिक खेळाडू उतरले. हिरवळीवरच्या सोळा जणांची ही वंशवेल.

खेळाने त्या पोरांचे पाय परत दिले नाहीत. तसा दावा गुटमान यांनी कधी केलाही नाही. खेळाने दिले ते एवढेच, की कुणीतरी आपली वाट बघत आहे, आपल्याला हरवायला टपले आहे आणि आपण गेलो नाही तर डाव अडेल, ही जाणीव. ही जाणीव फक्त जायबंदी जवानांनाच हवी असते, असे थोडेच आहे? शिकवणीच्या वेळेत बसत नाही म्हणून ज्याचे मैदान सुटले, त्या दहावीतल्या मुलालाही ती हवी असते, आणि निवृत्तीनंतर खिडकीपाशी बसून राहणाऱ्या आजोबांनाही.

तेव्हा पुढच्या खेपेस समाचाराला जाताना मोसंब्यांबरोबर पत्त्यांचा एक कॅटही न्यावा. आणि डाव मांडल्यावर, आजारी माणूस आहे म्हणून, मुद्दाम हरू मात्र नये.