ज्योच्या घरी

मैत्रिणींनो, शांताबाई शेळक्यांची ‘चौघीजणी’ तुमच्यापैकी कितीजणींनी वाचलीय? आमच्या अक्कानं ती वाचनालयातून आणली आणि आम्ही दोघी धाकट्या बहिणींनी भांडत भांडत वाचली. त्यातली धडपडी ज्यो म्हणजे मूळ लेखिका लुइझा मे अल्कॉट स्वतःच.

गेल्या डिसेंबरात धाकटीकडे बॉस्टनला गेले, तेव्हा तिनं जवळच्या कॉनकॉर्ड गावातलं लुइझाचं ‘ऑर्चर्ड हाऊस’ दाखवलं. १९१२ पासून ते संग्रहालय आहे. नाताळाच्या सुमारास तिथं नाटक असतं, पण खुर्चीत बसून बघायचं नव्हे. जुन्या काळचे झगे घातलेली मंडळी अल्कॉटांच्या घरातली होऊन आपल्याला पाहुण्यासारखं आत घेतात, खोल्याखोल्यांतून फिरवतात. मी तर सवयीनं दारातच बूट काढायला लागले! गंमत म्हणजे या घरात तेव्हाही नाटकं व्हायची. जेवणघर म्हणजे रंगमंच, प्रेक्षक बैठकीच्या खोलीत.

वर लुइझाची खोली. दोन खिडक्यांच्या मध्ये वडिलांनी करून दिलेलं अर्धगोल मेज. फळीच म्हणा ना. त्यावर १८६८ मध्ये ‘लिटल विमेन’ लिहिलं गेलं. तेही हौसेनं नाही. प्रकाशकाला मुलींसाठी पुस्तक हवं होतं आणि घराला पैसा.

वडील विद्वान, विचार थोर, पण मिळकत नाही. १८४३ मध्ये आदर्श शेतवस्ती काढली, ती थंडीतच मोडली. १८३२ साली जन्मलेली ही दुसरी मुलगी शिवणकाम, शिकवण्या, लोकांची घरकामं करत वाढली. बेथ म्हणजे तिची बहीण एलिझाबेथ. ती या घरात राहायला येण्याआधीच, १८५८ मध्ये गेली. १८६२ च्या अखेरीस लुइझा यादवी युद्धातल्या जखमींची शुश्रूषा करायला गेली, विषमज्वर घेऊन परतली. औषधात पारा होता; प्रकृती पुन्हा पूर्वीसारखी झालीच नाही.

पुस्तकाचे हक्क तिनं विकले नाहीत, ते शहाणपणाचं ठरलं. त्या पैशातून घराची जुनी देणी फिटली, धाकटी मे चित्रकला शिकायला युरोपात गेली. वाचक मुलींच्या हट्टापायी ज्योचं लग्न तिनं लावलं, स्वतः मात्र केलं नाही. पुढं मे बाळंतपणानंतर वारली, तिची तान्ही मुलगीही लुइझानंच वाढवली. ६ मार्च १८८८ ला ती गेली, वडिलांच्या पाठोपाठ दोन दिवसांनी. वय अवघं पंचावन्न.

त्या मेजापाशी धाकटी एकदम गप्प झाली. तिची इंजिनिअरिंगची फी अक्काच्या शिक्षिकेच्या पगारातून भरली होती. माझं लग्नही त्यातूनच झालं. अक्काचं राहूनच गेलं, आणि तिला लग्न करायचं होतं का, हे आम्ही दोघींनी कधी विचारलंच नाही.

रात्री नऊला फोन लावला. इकडे सकाळचे साडेसात. अक्का शाळेच्या गडबडीत होती, संध्याकाळी कर म्हणाली. धाकटीनं दुसऱ्या दिवशी पहाटे पाचचा गजर लावला.