आतून कडी!

समजा, तुमचं लग्न ठरलंय आणि तुम्ही होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्यांदाच भेटायला गेलाय. सासरेबुवा तुम्हाला त्यांच्या अभ्यासिकेत नेतात, हातात व्हिस्कीचा ग्लास देतात. थोडी पोटात जाते न जाते तोच डोकं गरगरायला लागतं, डोळे मिटतात. जाग येते तेव्हा सासरे जमिनीवर पडलेत आणि त्यांच्या छातीत बाण घुसलाय. दाराला आतून कडी. खिडक्यांना पोलादी झडपा, त्याही आतून बंद. खोलीत तिसरं कुणी नाही, लपायला जागा नाही. आणि बाहेरून लोक दार ठोठावतायत. आता सांगा बरं पोलिसांना, की मी नाही मारलं म्हणून!

ही सुरुवात आहे १९३८ सालच्या 'द ज्युडास विंडो' या कादंबरीची. त्यातला जाडजूड, तिरसट म्हातारा वकील सर हेन्री मेरिव्हेल या पोराचा खटला लढवतो आणि भर कोर्टात म्हणतो, की या खोलीला आणखी एक खिडकी आहे. ती फक्त खुन्याला दिसली. गंमत म्हणजे तशी खिडकी जवळपास प्रत्येक खोलीला असते. म्हणजे तुमच्या हॉस्टेलच्या खोलीलाही! ती कुठली, हे मी सांगणार नाही. पण पुस्तक संपल्यावर माणूस आपल्याच खोलीकडे संशयाने बघायला लागतो, एवढं नक्की.

हे डोकं होतं जॉन डिक्सन कार याचं. तुम्ही अगाथा ख्रिस्ती वाचली असेल, शेरलॉक होम्स तर पाहिलाच असेल. कारचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. 'बंद खोलीतला खून' या प्रकारात त्याच्या तोडीचा माणूस झाला नाही, असं रहस्यकथा लिहिणारेच म्हणतात.

कार जन्मला ३० नोव्हेंबर १९०६ ला, अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या युनियनटाउन गावी. वडील वकील, दोन वर्षं अमेरिकन काँग्रेसचे सदस्यही होते. घरात कायद्याची पुस्तकं, आणि पोरगं नादावलं होतं कॉनन डॉइल, चेस्टरटन आणि गास्तों लरू यांच्यावर. लरूची 'द मिस्ट्री ऑफ द यलो रूम' ही बंद खोलीचीच गोष्ट. तिचं वेड त्याला जन्मभर पुरलं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. हा पठ्ठ्या लेखक झाला तो कॉलेजच्या मासिकातून. हॅव्हरफोर्ड कॉलेजच्या 'द हॅव्हरफोर्डियन'मध्ये तो लिहायचा, त्याचं संपादनही करायचा. त्याचा पहिला डिटेक्टिव्ह, पॅरिसचा आँरी बँकोलँ, याच मासिकात जन्मला. १९२९ मध्ये त्यातच त्याची एक लांबलचक गोष्ट आली. तीच फुलवून त्याने कादंबरी केली, 'इट वॉक्स बाय नाइट', आणि १९३० मध्ये हार्पर या बड्या प्रकाशकाने ती छापली. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. (आपल्या कॉलेजच्या वार्षिक अंकात आपण काय लिहितो, हे आठवून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.)

१९३२ मध्ये त्याने क्लॅरिस या इंग्लिश मुलीशी लग्न केलं आणि इंग्लंडमध्येच मुक्काम ठोकला. जुने वाडे, धुकं, भुताखेताच्या दंतकथा हे सगळं त्याला तिथे आयतंच मिळालं. तो इतका इंग्लिश होऊन लिहायला लागला, की तो अमेरिकन आहे हे कित्येक वाचकांच्या गावीही नसायचं. आणि लिहायचा किती? १९३४ मध्ये पाच कादंबऱ्या, १९३५ मध्ये चार! एका नावावर एवढी पुस्तकं खपवणं प्रकाशकाला जड जाणार, म्हणून दुसऱ्या प्रकाशकासाठी टोपणनाव आलं. पहिलं पुस्तक निघालं 'कार डिक्सन' या नावाने. हार्परने अर्थातच तक्रार केली, हे कसलं वेषांतर? मग झालं 'कार्टर डिक्सन'. तरी लपलं काय, देव जाणे! कार या नावाने गिडियन फेलच्या गोष्टी यायच्या आणि कार्टर डिक्सन या नावाने सर हेन्री मेरिव्हेलच्या. हा अगडबंब, दोन काठ्या टेकत चालणारा डॉ. फेल त्याने थेट चेस्टरटनवरून बेतला होता.

कारची पद्धत ठरलेली. आधी तुमची पाचावर धारण बसवायची. दारावर नजर ठेवून माणसं उभी, आणि खुनी आत जाऊन नाहीसा. बर्फावर पावलांचा ठसा नाही. शाप, पिशाच्च, जुनी कबर. वाटतं, आता हा भूतच आणणार. आणि शेवटी तो भुताला हाकलून देतो आणि साध्या दोऱ्याने, घड्याळाने किंवा कुणाच्या तरी चुकीच्या समजुतीने सगळं उलगडून दाखवतो. त्याची अट एकच होती: उत्तराला लागणारा प्रत्येक धागा वाचकाला आधी दाखवलेला असला पाहिजे. शेवटच्या पानावर अचानक जुळा भाऊ काढायचा नाही. रहस्यकथा म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यातला डाव, आणि त्यात लेखकाने पत्ते लपवायचे नाहीत. लंडनच्या 'डिटेक्शन क्लब'मध्ये तर याची रीतसर शपथच घ्यावी लागे. १९३६ मध्ये कारला तिथे सदस्य करून घेतलं. एका अमेरिकनासाठी ही फार दुर्मीळ गोष्ट होती.

हा डाव तो किती लांब नेऊ शकत होता, हे बघायचं तर १९३५ ची 'द हॉलो मॅन' घ्या. मुखवटा घातलेला एक पाहुणा एका प्रोफेसरच्या खोलीत शिरतो, गोळीचा आवाज येतो, दार फोडावं तर पाहुणा गायब. खिडकीखाली बर्फ जसाच्या तसा. त्याच रात्री दुसरा खून, रिकाम्या रस्त्याच्या मधोमध, अगदी जवळून झाडलेली गोळी, आणि बर्फात पावलं फक्त मेलेल्या माणसाची! इथवर ठीक. पण सतराव्या प्रकरणात कार भलतंच धाडस करतो. डॉ. फेल जेवण झाल्यावर सोबतच्यांना सांगतो, की आपण एका रहस्यकथेतली पात्रं आहोत, उगाच सोंग कशाला? आणि मग बंद खोलीत खून करण्याचे सगळे मार्ग एकेक करून मांडतो. खून नसून अपघात, खुनासारखी वाटणारी आत्महत्या, बाहेरून दोऱ्याने फिरवलेली किल्ली, दार फोडल्यावर सगळ्यांत आधी आत घुसणारा माणूस... यादी वाढतच जाते. जादूगाराने खेळाच्या मध्यावर अस्तनी वर करून दाखवावी तसं हे आहे. आणि एवढं सांगूनही तो पुढे आपल्याला फसवतोच. मी फसलो, आणि मी तर वहीत नोंदी करत वाचत होतो.

खोटं कशाला बोला, कार सगळीकडे असा नाही. त्याच्या प्रेमकथा पुठ्ठ्याच्या वाटतात, त्यातल्या मुली एकमेकींच्या बहिणी असाव्यात तशा. 'द हॉलो मॅन'चा उलगडाही इतका गुंतागुंतीचा, की मागची पानं पुन्हा चाळावी लागतात.

युद्धाच्या काळात तो बीबीसीसाठी रेडिओनाट्यं लिहीत होता आणि अमेरिकेच्या 'सस्पेन्स' कार्यक्रमासाठीही. १९४३ च्या 'केबिन बी-१३' मध्ये तर मधुचंद्राला निघालेल्या बाईचा नवराच नव्हे, जहाजावरची त्यांची अख्खी खोलीच नाहीशी होते. १९४८ मध्ये तो कुटुंबासह अमेरिकेला परतला. दुसऱ्या वर्षी त्याने लिहिलेलं कॉनन डॉइलचं चरित्र आलं, तेही गाजलं. लहानपणी ज्याची पारायणं केली, त्याचं ऋण असं फेडायला मिळणं किती जणांच्या नशिबी असतं?

१९६३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. दिवसाला पानंच्या पानं टंकणारा हा माणूस आता एका हाताने लिहायला लागला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या रहस्यलेखकांच्या संघटनेने त्याला 'ग्रँड मास्टर' हा सर्वोच्च सन्मान दिला. एका हाताने त्याने आणखी कादंबऱ्या लिहिल्या. त्या उतरणीच्या आहेत, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. १९७२ नंतर कादंबरी नाही. पण 'एलरी क्वीन्स मिस्ट्री मॅगझिन'मध्ये तो १९७६ पर्यंत इतरांच्या पुस्तकांवर सदर लिहीत राहिला. २७ फेब्रुवारी १९७७ ला दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल गावी फुप्फुसाच्या कॅन्सरने तो गेला. चार वर्षांनी १७ लेखक-समीक्षकांनी बंद खोलीच्या सर्वोत्तम कादंबरीसाठी कौल दिला, तेव्हा पहिली आली 'द हॉलो मॅन'.

वाचायची असेल तर एक लक्षात ठेवा. अमेरिकेत हीच कादंबरी 'द थ्री कॉफिन्स' या नावाने निघाली. दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही विकत घेऊ नका.