नाण्यांचा पारखी, इतिहासाचा वाटाड्या : जेम्स प्रिन्सेप

जुने नाणे हाती आले की ते खरे की खोटे, त्यात चांदी किती आणि बट्टा किती कापावा, एवढेच व्यवहारात पाहिले जाते. सराफ ते तराजूत टाकतो, कसोटीवर घासतो आणि अखेर मुशीत घालतो. धातूचे मोल हाती येते. परंतु नाण्यावरील अक्षरे, राजाची मुद्रा, त्याचे सन आणि बिरुदे यांचा त्याच क्षणी कायमचा नाश होतो. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या टांकसाळीत असा एक अधिकारी होऊन गेला, की ज्याचे नेमून दिलेले काम चांदीचा कस पाहण्याचेच होते. परंतु मुशीत जाण्यापूर्वी नाण्यावर काय लिहिले आहे, हेही त्याने तितक्याच बारकाईने पाहिले. त्या पाहण्यातून भारताच्या प्राचीन इतिहासाची बंद कवाडे उघडली. त्या थोर पुरुषाचे नाव जेम्स प्रिन्सेप. अवघ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी केलेले कार्य पाहिले की मन थक्क होते.

जेम्स प्रिन्सेप यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. त्यांचे वडील जॉन प्रिन्सेप १७७१ मध्ये जवळजवळ रिकाम्या हाताने हिंदुस्थानात आले. कापड रंगविण्याच्या निळीच्या धंद्यात त्यांनी मोठी संपत्ती मिळविली व ईस्ट इंडिया कंपनीसाठी तांब्याची नाणी पाडण्याचा मक्ताही घेतला. मायदेशी परतल्यावर मात्र त्या संपत्तीला ओहोटी लागली. मोठ्या कुटुंबातील मुलांना स्वतःचा मार्ग स्वतः शोधणे भाग पडले. जेम्स यांना वास्तुशिल्पाची आवड होती व त्यांनी त्याचे शिक्षणही आरंभिले. परंतु बारीक रेखाटनाच्या अतिश्रमाने डोळे दुखावले आणि तो मार्ग सोडावा लागला. पुढे लंडनच्या शाही टांकसाळीतील कस-परीक्षक रॉबर्ट बिंग्ली यांच्या हाताखाली त्यांनी धातूंचा कस पाहण्याची विद्या आत्मसात केली आणि सप्टेंबर १८१९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ते कलकत्त्यास उतरले. तेथील टांकसाळीचे कस-परीक्षक होरेस हेमन विल्सन हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. अशा गुरूच्या सहवासात प्रिन्सेप यांच्या सेवेस आरंभ झाला.

लवकरच त्यांची नेमणूक काशीच्या टांकसाळीत झाली आणि १८२० ते १८३० ही दहा वर्षे त्यांनी तेथे काढली. टांकसाळीचे काम सांभाळून त्यांनी काशी नगरीचा नकाशा तयार केला, लोकसंख्येची मोजदाद केली, शहरातील साचलेले दूषित पाणी गंगेकडे वाहून नेणारा भुयारी नाला बांधविला, कर्मनाशा नदीवर दगडी पूल उभारला आणि औरंगजेबाच्या काळातील मशिदीचे खचू लागलेले मिनार सावरले. घाटांची व मंदिरांची त्यांनी काढलेली चित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भट्टीतील प्रखर उष्णता अचूक मोजण्याची रीतही त्यांनी शोधली आणि १८२८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना लाभले.

नाण्याचा कस पाहण्याची शास्त्रीय रीत येथे थोडक्यात सांगणे उचित होईल. चांदीचा लहानसा तुकडा प्रथम तोलावयाचा. मग शिशाबरोबर राखेच्या सच्छिद्र मुशीत तापवावयाचा. शिसे हीण धातूंना आपल्याबरोबर घेऊन मुशीत जिरते आणि चोख चांदीचा मणी वर शिल्लक राहतो. तो पुन्हा तोलला की दोन वजनांतील फरकावरून भेसळ कळते. या कामी तराजू जितका सूक्ष्म, तितका निर्णय अचूक. प्रिन्सेप यांनी एका ग्रेनच्या सहस्रांशांचा फरक दाखविणारा तराजू सिद्ध केला होता. हीच सूक्ष्म दृष्टी पुढे त्यांनी लिपीच्या अभ्यासात वापरली.

त्या काळी देशात असंख्य प्रकारचे रुपये चालत. बंगालचा सिक्का रुपया वेगळा, फर्रुखाबादचा वेगळा, मद्रास व सुरतेचा आणखी वेगळा. आपल्याकडे अंकुशी व चांदवडी रुपये होतेच. प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा. एका गावाहून दुसऱ्या गावी माल नेणाऱ्या व्यापाऱ्यास पावलोपावली बट्टा भरावा लागे. १८३० मध्ये कलकत्त्यास परतल्यावर आणि १८३२ मध्ये विल्सन यांच्या जागी कस-परीक्षक झाल्यावर प्रिन्सेप यांनी सर्व देशात एकच नाणे व एकच वजन असावे यासाठी हिरिरीने प्रयत्न केले. १८३३ च्या नियमाने १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण अशी व्यवस्था ठरली. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा कंपनी रुपया चालू झाला. ज्या तोळ्याने व शेराने आपल्या आजोबा-पणजोबांनी व्यापार केला, त्याच्या प्रमाणीकरणामागे या माणसाचे परिश्रम होते. विविध नाण्यांची वजने, कस व राजवंशांच्या वंशावळी देणारी त्यांची उपयुक्त कोष्टके १८३४ मध्ये प्रसिद्ध झाली.

१८३२ मध्येच ते एशियाटिक सोसायटीचे चिटणीस झाले व सोसायटीचे मासिक त्यांनी सुरू केले. संग्राहक अनेक असतात. परंतु बहुतेकांची नाणी पेटीत बंद राहतात. प्रिन्सेप यांची रीत निराळी होती. जे नाणे हाती येई, त्याचे रेखाटन ते स्वतः करीत, छपाईसाठी ताम्रपटावर स्वहस्ते कोरीत आणि मासिकात छापून सर्वांसमोर ठेवीत. पाठविणाऱ्याचे नाव ते आवर्जून नोंदवीत. परिणामी देशाच्या कानाकोपऱ्यांतून, लष्करी छावण्यांतून व दूरच्या अफगाणिस्तानातून नाण्यांचा ओघ कलकत्त्याकडे वाहू लागला. महाराजा रणजितसिंहांचे सेनापती व्हेंतुरा यांनी १८३० मध्ये पंजाबातील माणिक्याला येथील स्तूप उघडला होता. त्यातील नाणी प्रिन्सेप यांच्याकडे अभ्यासासाठी आली. तेथीलच दुसऱ्या स्तूपात कूर यांना कनिष्काच्या नाण्यांबरोबर रोमची चांदीची नाणी सापडली. चार्ल्स मॅसन यांनी काबूलजवळील बेग्राम येथून सहस्रावधी नाणी गोळा केली. ग्रीक, रोमन, इराणी आणि भारतीय नाणी एका मेजावर मांडली गेली आणि प्राचीन भारताचा जगाशी किती दूरवर संबंध होता, याचा साक्षात पुरावा मिळाला.

या नाण्यांची ओळख पटविणे सोपे नव्हते. वायव्येकडील ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस अनोळखी लिपी असे. ग्रीक बाजू वाचता येत होती. मॅसन यांच्या ध्यानात आले, की मिनँडर, अपोलोडोटस अशी राजांची नावे बदलली की दुसऱ्या बाजूची ठराविक अक्षरेही बदलतात. पदव्या मात्र तशाच राहतात. या धाग्यावरून प्रिन्सेप पुढे गेले. प्रथम त्यांनी त्या लेखाची भाषा इराणी धर्तीची मानली व तिढा सुटेना. पुढे ती प्राकृत आहे हे ध्यानी येताच त्यांनी आपला आधीचा तर्क निःसंकोचपणे सोडला आणि १८३८ पर्यंत खरोष्ठी लिपीतील बऱ्याच अक्षरांचा उलगडा केला.

याहून मोठे कोडे होते दिल्ली व अलाहाबाद येथील दगडी स्तंभांवरील लेखांचे. शेकडो वर्षे ही अक्षरे कोणालाही वाचता येत नव्हती. १८३६ मध्ये क्रिस्टियन लासेन या विद्वानाने अगॅथोक्लीझ राजाच्या ग्रीक व ब्राह्मी अशा दुहेरी लेखाच्या नाण्यावरून काही अक्षरे ओळखली होती. प्रिन्सेप यांच्यापुढे १८३७ मध्ये सौराष्ट्रातील चांदीची लहान नाणी होती. ही पश्चिम क्षत्रपांची नाणी. त्यांवर राजाच्या नावाबरोबर त्याच्या पित्याचेही नाव असते. एका नाण्यावरील पिता दुसऱ्या नाण्यावर राजा म्हणून येतो. जणू वहीतील एक नोंद दुसऱ्या नोंदीशी जुळते व साऱ्या घराण्याची खतावणी उभी राहते. या नाण्यांवरील नावांपुढे षष्ठी विभक्तीचा ‘स’ त्यांनी ओळखला. त्याच सुमारास सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील लहान लहान लेखांच्या नकला त्यांच्या हाती आल्या. प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरे होती आणि त्यांच्याआधी बहुधा तोच ‘स’. मंदिरांच्या पायऱ्यांवर व खांबांवर भाविक आपली नावे कोरून दान देतात, हे प्रिन्सेप यांनी या देशात पाहिले होते. तेव्हा ‘अमक्याचे दान’ असा अर्थ त्यांना स्फुरला. शेवटची दोन अक्षरे ‘दानं’ अशी वाचताच ‘द’ आणि ‘न’ हाती आले आणि उरलेली लिपी झपाट्याने उलगडली. साध्या, अनाम दात्यांच्या लहानशा दानाने एका विस्मृत लिपीची किल्ली दिली. दानाचे फळ कोणत्या रूपाने व केव्हा मिळेल, हे कोणी सांगावे!

जून १८३७ मध्ये प्रिन्सेप यांनी स्तंभलेखांचे वाचन सोसायटीपुढे मांडले. या कामी कमलाकांत व रत्नपाल या पंडितांचे साहाय्य त्यांना लाभले होते. लेखातील ‘देवानंपिय पियदसि’ राजा कोण, याविषयी आरंभी त्यांची समजूत चुकली. त्यांनी तो सिंहलद्वीपाचा राजा मानला. सिंहलद्वीपातील जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांच्या आधारे हा राजा म्हणजे मौर्य सम्राट अशोक असे कळविताच प्रिन्सेप यांनी ते मान्य करून प्रसिद्धही केले. पुढे मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांच्यासाठी गिरनारच्या शिलालेखाची कापडावर घेतलेली नक्कल त्यांच्यापर्यंत पोहोचली. त्या लेखात त्यांना अँटिओकस, टॉलेमी, मॅगस या ग्रीक राजांची नावे आढळली. या राजांचा काळ ग्रीक इतिहासातून ठाऊक होता. त्यामुळे अशोकाचा काळ निश्चित झाला आणि भारताच्या प्राचीन कालगणनेस प्रथमच भक्कम आधार मिळाला.

जैन समाजाने विशेष कृतज्ञतेने स्मरावे असे त्यांचे आणखी एक कार्य आहे. ओरिसातील उदयगिरीच्या हाथीगुंफेतील शिलालेख किट्टो यांनी उतरवून पाठविला आणि प्रिन्सेप यांनी तो १८३७ मध्येच प्रसिद्ध केला. अर्हंत व सिद्धांना नमस्कार करून आरंभ होणारा हा लेख म्हणजे जैन धर्माच्या प्राचीनतेचा अमोल पुरावा होय. त्या पहिल्या वाचनात राजाचे नाव मात्र नीट लागले नाही. मुंबईत कार्य केलेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८५ मध्ये ते नाव खारवेल असल्याचे सिद्ध केले. याच पंडितजींनी क्षत्रपांची नाणी परिश्रमपूर्वक जमवून त्यांची वंशावळ लावली. ज्ञानाची परंपरा ही अशी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. पहिला दिवा लावणाऱ्याचे ऋण त्यामुळे कमी होत नाही.

दिवसा टांकसाळ व रात्री नाणी आणि लेख, असा हा क्रम अखंड चालला. १८३५ मध्ये त्यांचा विवाह हॅरिएट ऑबर्ट यांच्याशी झाला व १८३७ मध्ये त्यांना कन्यारत्न झाले. परंतु संसारसुखासाठी उसंत अशी मिळालीच नाही. १८३८ मध्ये डोकेदुखी बळावली, स्मृती व बुद्धी क्षीण होऊ लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना जहाजाने इंग्लंडला नेण्यात आले. ज्या बुद्धीने विस्मृत लिपी जगाला परत मिळवून दिली, तीच विस्मृतीत बुडाली, हा केवढा दैवदुर्विलास! २२ एप्रिल १८४० रोजी लंडन येथे त्यांनी देह ठेवला.

कलकत्त्याच्या नागरिकांनी हुगळीच्या तीरावर त्यांच्या नावाने सुंदर घाट बांधला. तो प्रिन्सेप घाट आजही उभा आहे. त्यांचा नाणेसंग्रह १८४७ मध्ये ब्रिटिश म्युझियमने घेतला. ही नाणी या भूमीतून दूर गेली, याची खंत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांचे वाचन त्यांनी छापून आधीच सर्वांना देऊन टाकले होते. त्यांचे तरुण स्नेही अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तेच व्रत पुढे चालविले आणि १८६१ मध्ये ते सरकारचे पहिले पुरातत्त्व सर्वेक्षक झाले.

या कार्याचे फळ महाराष्ट्रासही मिळाले. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपान क्षत्रपाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविला होता. एका राजाने दुसऱ्यावर मिळविलेला विजय ग्रंथाविना नाण्यांनी सांगितला. ब्राह्मी लिपीचे वाचन झाले नसते, किंवा तो साठा एखाद्या मुशीत गेला असता, तर तो चांदीचा एक गोळा एवढाच उरला असता.

अनेक जुन्या घरांतील तिजोरीत, देव्हाऱ्यात किंवा लक्ष्मीपूजनाच्या थैलीत पूर्वजांनी जपलेली नाणी असतात. चांदीचा भाव चढला की ती वितळविण्याचा मोह होतो. वितळविण्यापूर्वी ती एकदा जाणकारास दाखवावीत, त्यांचे वजन, धातू व अक्षरे नोंदवून ठेवावीत. कस पाहणे हे प्रिन्सेप यांचे पोट भरण्याचे काम होते. अक्षरे वाचणे हा त्यांचा धर्म झाला. संग्रह करूनही संग्रहात न गुंतता, मिळालेले ज्ञान मुक्त हस्ते वाटून टाकणाऱ्या या ज्ञानोपासकाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.