थेम्स नदीच्या वासाने संसद हादरली आणि या इंजिनिअरने लंडनच्या पोटात नवी गटारं बांधली

गोष्ट आहे १८५८ सालच्या उन्हाळ्याची. लंडनमध्ये कडक ऊन पडलं होतं आणि थेम्स नदीला असा काही वास सुटला होता की काठावरच्या संसदेत बसणं अशक्य झालं. क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवलेले पडदे खिडक्यांना लावून पाहिले. उपयोग शून्य. इतिहासात हा प्रकार ‘ग्रेट स्टिंक’ म्हणून ओळखला जातो.

हे निस्तरलं जोसेफ बाझलजेट नावाच्या इंजिनिअरने.

बाझलजेटचा जन्म २८ मार्च १८१९ चा, लंडनजवळच्या एनफिल्डमधला. वडील नौदलात. सुरुवातीला तो रेल्वेच्या कामांत होता. त्या काळात इंग्लंडमध्ये रेल्वेचं वेड होतं, कामाचा इतका ताण पडला की १८४७ मध्ये त्याची तब्येत पार ढासळली. बरा झाल्यावर १८४९ मध्ये तो लंडनच्या गटार आयोगात नोकरीला लागला. तिथे त्याचा वरिष्ठ इंजिनिअर १८५२ मध्ये वारला आणि ती जबाबदारी बाझलजेटवर आली.

आता लंडनचा नेमका प्रॉब्लेम काय होता?

शहराची जुनी गटारं होती पावसाच्या पाण्यासाठी. घरातला मैला घराखालच्या खड्ड्यात साठायचा. पुढे फ्लशचे संडास आले, खड्डे ओसंडू लागले. मग सरकारनेच मैला गटारात सोडायला लावला. गटारं जाणार कुठे? थेट थेम्समध्ये. आणि शहरातल्या अनेकांचं प्यायचं पाणी यायचं त्याच नदीतून.

परिणाम भयंकर होता. १८४८-४९ च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये १४ हजारांहून जास्त माणसं गेली, १८५३-५४ मध्ये आणखी १० हजार. डॉक्टर जॉन स्नो सांगत होते की रोग पाण्यातून पसरतो. पण बहुतेकांना वाटायचं, दुर्गंधीमुळेच माणसं मरतात.

१८५६ मध्ये बाझलजेट नव्या महानगर मंडळाचा मुख्य इंजिनिअर झाला. प्लॅन तयार होता, पण मैला नेमका कुठे सोडायचा या वादात फाइल अडकली. संसदेच्या नाकाला झोंबलं तेव्हा मात्र अवघ्या १८ दिवसांत कायदा झाला.

प्लॅन साधा होता. नदीला समांतर, पश्चिमेकडून पूर्वेकडे मोठी भूमिगत गटारं बांधायची. जुनी गटारं नदीला मिळण्याआधीच यांनी त्यांना अडवायचं आणि घाण शहराच्या पार पूर्वेला न्यायची. उतार मैलाला साधारण दोन फुटांचा. जिथे उतार संपेल तिथे वाफेच्या इंजिनांनी पाणी वर उचलायचं.

बऱ्याच गटारांचा आकार अंड्यासारखा होता, निमुळतं टोक खाली. पाणी कमी असलं तरी त्या अरुंद भागातून ते जोरात वाहतं आणि गाळ साचत नाही. पाण्यातही घट्ट होणारं पोर्टलंड सिमेंट वापरलं. हे सिमेंट तेव्हा नवखं होतं, म्हणून त्याची कडक तपासणी व्हायची. लोकसंख्या दीडपट होईल हे धरूनच मापं काढली होती.

१३२ किलोमीटरची मुख्य गटारं, त्यांना जोडलेली सुमारे १,८०० किलोमीटरची रस्त्यांखालची गटारं आणि ३१ कोटी ८० लाख विटा. १८६५ मध्ये क्रॉसनेसचं पंपिंग स्टेशन सुरू झालं, १८७५ पर्यंत काम पुरं झालं. आज पर्यटक ज्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर फिरतात तो नदीकाठही बाझलजेटनेच भराव टाकून बनवलाय. त्याच्याखाली गटार आणि भुयारी रेल्वे दोन्ही आहेत.

१८६६ मध्ये लंडनमध्ये पुन्हा कॉलरा आला. पाच हजारांवर माणसं गेली, पण मुख्यतः पूर्व भागात, जिथे नवी गटारं अजून जोडलीच नव्हती. वास घालवायला बांधलेल्या गटारांनी पाणी स्वच्छ केलं होतं. कारण चुकीचं, उपाय बरोबर!

पण या कामात एक उणीव राहिली. घाण फक्त शहराबाहेर गेली, तिच्यावर प्रक्रिया होत नव्हती. ओहोटीच्या वेळी ती तशीच नदीत सोडली जायची. ३ सप्टेंबर १८७८ ला ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही प्रवासी बोट टक्कर होऊन नेमकी त्याच भागात बुडाली. ६०० हून जास्त माणसं त्या घाण पाण्यात दगावली. त्यानंतर मैल्यातला गाळ वेगळा काढायला सुरुवात झाली आणि १८८७ पासून तो जहाजाने समुद्रात नेऊ लागले. ज्या बेक्टन आणि क्रॉसनेसला मैला सोडला जायचा, तिथेच आज लंडनची मोठी सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत.

‘सर’ किताब मिळालेला बाझलजेट १८८९ मध्ये निवृत्त झाला आणि १५ मार्च १८९१ ला वारला. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या हँबर्गमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसं मेली. लंडन मात्र वाचलं.

त्याची गटारं आजही वापरात आहेत. शहर इतकं वाढलं की जोरदार पावसात ती ओसंडून मैला पुन्हा थेम्समध्ये जायचा. त्यासाठी २५ किलोमीटरचा नवा बोगदा बांधला, जो २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला. तो जुन्या गटारांच्या जागी आलेला नाही, फक्त त्यांचा ओव्हरफ्लो पोटात घेतो. रोजचं काम अजूनही बाझलजेटच्या विटाच करतात.