भिंतीसारख्या ट्रॅकवरचा त्याचा रेकॉर्ड ८९ वर्षं टिकला, पण ती शर्यत मात्र तो हरला होता

परभणीच्या उरुसात किंवा गावच्या जत्रेत मौत का कुआँ पाहिलाय? फळ्यांच्या उभ्या भिंतीवर गाडी गरागरा फिरते आणि खाली पडत नाही. आता तीच भिंत काँक्रीटची आहे आणि तिच्यावर रेसिंग कार एकमेकींशी भिडल्यात, असं समजा. १९२३ साली स्पेनमध्ये हे खरंच घडलं, आणि त्यातला हिरो होता काउंट लुई झ्बोरोव्स्की.

१८९५ साली जन्मलेल्या लुईच्या घरात पैसाही होता आणि रेसिंगही. आई अमेरिकेतल्या गर्भश्रीमंत ॲस्टर घराण्यातली. वडील रेसर. १९०३ मध्ये फ्रान्समधल्या ला टुर्बीच्या घाटातल्या शर्यतीत वडील गेले. १९११ मध्ये आईही गेली. १६ वर्षांच्या पोराच्या हाती अफाट संपत्ती आली.

त्यानं ती गाड्यांवर उधळली. मर्सिडीजच्या सांगाड्यावर चक्क विमानाचं २३ लिटरचं इंजिन बसवलं. आपल्या स्विफ्टचं इंजिन असतं १.२ लिटरचं! या गाडीचं नाव चिटी बँग बँग. पुढे जेम्स बाँडचा लेखक इयान फ्लेमिंग याला आपल्या मुलांसाठीच्या पुस्तकाची कल्पना यातूनच सुचली. ॲस्टन मार्टिन कंपनीलाही लुईनं पैसा पुरवला.

मग आला २८ ऑक्टोबर १९२३. बार्सिलोनाजवळच्या सिट्जेस या समुद्राकाठच्या गावालगत नवाकोरा टेरामार ट्रॅक तयार होता. एक फेरी दोन किलोमीटरची आणि वळणं ६० अंशांपर्यंत उभी.

अशा वळणावर अडचण काय असते?

वेगात वळताना गाडी बाहेर फेकली जाते. ट्रॅक तिरका असला की तोच जोर गाडीला रस्त्यावर दाबून धरतो. वेग कमी पडला तर गाडी खाली घसरते, जास्त झाला तर कठड्यावरून बाहेर. पण खरी परीक्षा वळणात शिरताना आणि बाहेर पडताना. टेरामारमध्ये सरळ रस्ता आणि चढ यांचा सांधाच नीट जमला नव्हता, त्यामुळे तिथं गाडीला हिसका बसायचा. त्यात सगळा भार टायरवर.

लुईनं मिलर गाडीतून ४५.८ सेकंदांत फेरी मारली, म्हणजे ताशी साधारण १५७ किलोमीटर! पण ४०० किलोमीटरच्या शर्यतीत अगदी शेवटी टायरनं दगा दिला. टायर बदलेपर्यंत सनबीमवाला अल्बेर दिवो पुढे निघून गेला. लुई दुसरा आला.

बक्षिसाचं काय? ट्रॅक बांधणाऱ्यांचेच पैसे थकले होते. त्यांनी तिकिटांचा गल्ला जप्त केला आणि रेसर रिकाम्या हाती परतले.

वर्षभरातच, १९ ऑक्टोबर १९२४ ला इटलीतल्या माँझा इथं लुईची मर्सिडीज झाडावर आदळली. वडिलांसारखाच तोही शर्यतीत, मर्सिडीजमध्येच गेला. वय अवघं २९.

टेरामारचा ट्रॅक आजही उभा आहे. २०१२ मध्ये कार्लोस साइंझ सीनियरनं आधुनिक ऑडीतून तिथं ४२.६ सेकंदांची फेरी मारली. ८९ वर्षांनी, इतक्या प्रगत गाडीतून, आणि फरक फक्त ३.२ सेकंदांचा.